वहीतले आठ दिवस

अब्बांना गझालाचा सलाम,

मी बरी आहे. अम्मीले सांगा, इथली तांदळाची भाकर आता गोड लागून राह्यली.

दवाखान्यातली ड्युटी संपली की मी गावातल्या बायांसोबत किरणोत्सर्ग मोजते, हे तुम्हाले ठाऊकच आहे. अणुवीज केंद्र इथून दिसते. आमचं छोटं यंत्र अंगणवाडीच्या ओट्यावर असते, रोजचा आकडा वहीत लिहितो.

दोन वर्षं मागं लागल्यावर केंद्राच्या सुरक्षा बैठकीत साहेब आमची वही पाहायले तयार झाले. आदल्या दिवशी मले कळलं, मधी आठ दिवस यंत्राची बॅटरी संपली होती. वहीत जागा कोरी दिसू नये, माझी मान खाली जाऊ नये म्हणून आमच्यातल्या वासंतीताईंनी रोज कालचाच आकडा लिहिला होता.

मी ते आठही आकडे खोडून तिथं ‘मोजलं नाही’ लिहिलं. कापसाच्या जिनिंगमधले वजनकाटे दुरुस्त करताना अंदाजानं वजन सांगणाऱ्यावर तुम्ही किती भडकायचे, ते आठवलं.

साहेबांनी तेवढंच पान पाह्यलं अन् वही परत केली. दोन दिवस बाया माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वासंतीताई स्वतःच नवी बॅटरी घेऊन आल्या.

तिकडं आपल्या नेरले थंडी पडली काय? तुमची खोकल्याची बाटली संपली असेल.

अब्बा, मी पाठवलेल्या मशीनवरचं बीपी तुम्ही दर जुम्म्याले फोनवर सांगता. चार जुम्मे झाले, एकशे तीसच सांगून राह्यले. मोजलं नसेल तर मोजलं नाही म्हणा. मी रागावणार नाही.

तुमची लेक,
गझाला