दोन टॅपेट

प्रिय टॉड,

फोनवर तू "हो आई, बघतो आई" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. दिवसभर लोकांच्या छपरांवर चढून एसी दुरुस्त करून आला असशील, तर आधी पाणी पी आणि खाली बस. हे उभ्याने वाचण्यासारखं नाही.

बाबांचं आधी सांगते. गेल्या वेळी मी "बरे आहेत" म्हणाले, कारण ते समोर बसून ऐकत होते. ते बरे नाहीत. फाउंड्रीत गिळलेली धूळ आता हिशेब मागते आहे. पुढच्या खोलीत पलंग आणलाय. नाकात नळी असते आणि ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घरघरत असतं. घरी येणारी नर्स ग्वेन गोड बोलत नाही, म्हणून माझं तिच्याशी पटतं. मी तिला सरळ विचारलं, ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची फेरी निघते, तोवर काढतील का? ती म्हणाली, "डोलोरेस, तुमच्या जागी मी असते तर जूनचंही काही ठरवलं नसतं." तुला हे पत्र मिळेल तेव्हा मे अर्धा सरला असेल.

आता गाडीचं. पुढचं वाचायचं नाही असं तुझ्या मनात येईल. तरी वाच.

आजोबांची जीटीओ पुन्हा उभी राहिली आहे. तू गेल्यापासून ती ताडपत्रीखाली होती. तिच्यावर नाताळचं सामान, माझ्या शाळेची खोकी, तुझी हॉकीची काठी, सगळं रचलेलं होतं. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी फुप्फुसांचे फोटो दाखवले.  त्या दिवशी घरी परतल्यावर दारातच बाबा म्हणाले, "तिच्यावरचं सामान काढ." मला वाटलं, विकायची असेल. म्हणाले, "विकायची? माझ्या बापाने कारखान्यात डबल पाळ्या करून घेतलेली गाडी मी विकीन? इंजिन उघडायचंय." मी म्हटलं, लेन, तुला जिना चढवत नाही. तर म्हणतात, "मला कुठे चढायचंय? तुला वाकायचंय."

आणि मी वाकले. सत्तरी ओलांडलेली मुख्याध्यापिका बॉनेटमध्ये डोकं घालून, आणि स्वयंपाकघराच्या दारात घडीच्या खुर्चीवर हे, मागे लांबलचक नळी. "मास्तरीणबाई, पाना तसा नाही धरायचा, तो खडू नाही." "मास्तरीणबाई, बोल्ट आवळायचाय, त्याची परीक्षा घ्यायची नाहीये." शेजारचा डेल बियर घेऊन कुंपणापाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "लेन, ही तुझ्यापेक्षा बरी मेकॅनिक निघाली." बाबा म्हणायचे, "निघणारच, तिला कुणी उलट बोलत नाही." हसले की खोकला यायचा आणि खोकला आला की काम थांबायचं. तरी हसायचे. टॉड, आमच्या संसारात इतकं आम्ही कधी बोललो नव्हतो. बोललो ते सगळं बोल्ट आणि गॅस्केटबद्दलच, पण बोललो. माझी नखं अजून काळी आहेत. रविवारी चर्चमध्ये मी हात खिशात ठेवून बसते.

या कामात मला एक गोष्ट खटकत होती. आजोबांच्या वेळचा एकही खिळा बाबा बदलू देत नाहीत, हे तुला माहीत आहे. इंजिनावरचा नंबर आणि गाडीचा नंबर जुळला पाहिजे, रंग तोच गर्द हिरवा, वायरींवरच्या पट्ट्याही तशाच. कुणी आजोबांच्या गाडीत नवं इंजिन बसवायची गोष्ट काढली, तर ते त्या माणसाला घरात घेत नसत. पण या वेळी कॅमशाफ्टची, इंजिनातल्या त्या उंचवट्यांच्या दांड्याची, गोष्ट निघाली, तेव्हा मी काही म्हणायच्या आत ते बोलले, "तो नवा मागव. त्याच्या उंचवट्यांवर बसणारे टॅपेटही सगळे नवे." मी विचारलं, का? म्हणाले, "जुना गेलाय." एवढंच. आणि पाणी मागितलं.

तू गेलास त्याच्या आदल्या दिवसाबद्दल, त्या शनिवारबद्दल, मी तुला कधी काही विचारलं नाही. मला जे माहीत आहे ते एवढंच: इंजिन दुरुस्त होऊन तयार होतं. रविवारी चर्चमधून आल्यावर सगळ्यांसमोर चालू करायचं ठरलं होतं. शनिवारी बाबा कामावर होते आणि तू त्यांना चकित करायला चावी फिरवलीस. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू झालेल्या इंजिनाला लगेच रेस द्यायची आणि वीस मिनिटं पाय उचलायचा नाही, कॅमचे उंचवटे आणि टॅपेट तेवढ्या वेळात एकमेकांवर घासून जुळतात, हे तुला दहाव्या वर्षापासून पाठ होतं. पण ते चालू झालं आणि तुला त्याचा तो सावकाश, पोटातून येणारा गुडगुड आवाज ऐकायचा होता. म्हणून तू रेस न देता ते स्लोवर सोडलंस. एकोणीस वर्षांच्या मुलाला तो आवाज ऐकावासा वाटणार नाही तर काय. मग टिकटिक सुरू झाली, मग बाबा आले. ते तुला जे बोलले ते मी अंगणातून ऐकलं: "माझ्या बापाचं इंजिन खाल्लंस तू. परत कशाला हात लावलास तर बघ." रविवारी चर्चमधून आलो तेव्हा तुझी बॅग नव्हती.

फेब्रुवारीत मी गॅरेजमधल्या फळीवरून जुना कॅमशाफ्ट काढला. तेलाच्या फडक्यात नीट गुंडाळलेला होता. बाबा खुर्चीतून ओरडले, "तो राहू दे!" त्यांचा तसा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. मला कुणी "राहू दे" म्हटलं की मी काय करते, ते तुला माहीत आहे. मी फडकं उलगडलं.

त्याच्यावर सोळा उंचवटे आहेत. चौदा गुळगुळीत, नव्यासारखे. शेजारशेजारचे दोन मात्र झिजून सपाट झालेले. मी चाळीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. एकच कारण सगळ्यांना सारखं लागू असेल, तर दोघांनाच का भोवलं, हे विचारायला मी वर्गात शिकवत आले. तेच मी बाबांना विचारलं. मंद चालवल्यामुळे गेले म्हणतोस, तर हे चौदा कसे वाचले?

त्यांनी माझ्या हातातून कॅमशाफ्ट घेऊन मांडीवर ठेवला. मग बोलले. जुने टॅपेट पुन्हा वापरायचे तर जो ज्या उंचवट्यावर झिजला तो त्याच उंचवट्यावर परत बसवावा लागतो, दुसऱ्याच्या जागी चालत नाही. म्हणून ते अंड्यांच्या पुठ्ठ्यात क्रमाने मांडून ठेवायचे. तो पुठ्ठा तूच त्यांना त्या वर्षी हिवाळाभर रोज उचलून देत होतास. एका संध्याकाळी त्यांच्याच कोपराचा धक्का लागून दोन टॅपेट जमिनीवर पडले. कुठला कुठे होता ते कळेना. "अंदाजाने ठेवले," म्हणाले. "दिसायला सारखेच होते, डोलोरेस. म्हटलं, कोणाला कळतंय."

मी विचारलं, हे तुला कधी कळलं?

"तो गेला त्याच आठवड्यात. इंजिन उघडून बघितलं."

टॉड, त्याच आठवड्यात. तू तेव्हा ओहायोत कुणाच्या तरी सोफ्यावर झोपत होतास आणि तुझा नंबर फ्रिजवर लावलेला होता. मरणाऱ्या माणसावर ओरडू नये म्हणतात. मी ओरडले. ऑक्सिजनचं यंत्रही बंद पडावं इतकी ओरडले. ग्वेन दुसऱ्या दिवशी आली तेव्हा डेलने तिला कुंपणावरून विचारलं म्हणे, आत सगळे जिवंत आहेत ना? मी दोन दिवस त्यांना जेवण वाढलं, औषध दिलं, पण एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बापाचं इंजिन मीच खाल्लं, हे पोराला कुठल्या तोंडाने सांगू?" मी म्हटलं, आहे त्याच तोंडाने, अजून आहे तोवर. त्यांनी फोन हातात घेतला. तुझी रिंग वाजली, तू "हॅलो" म्हणालास, आणि त्यांनी फोन माझ्याकडे दिला. तो फोन तुला आठवत असेल. मी तुला उगाच हवापाणी विचारलं होतं.

तू स्लोवर सोडलंस ती चूकच होती आणि ती मी माफ करत नाही. पण इंजिन तू नाही घालवलंस.

आता इंजिन तयार आहे. नवा कॅम, नवे टॅपेट, प्रत्येक बोल्ट मी मोजून आवळलेला. फक्त चालू करायचं राहिलंय आणि ते एकट्याचं काम नाही. एकाने बॉनेटपाशी थांबायचं, एकाने सीटवर बसून पाय दाबून धरायचा. डेल दोनदा विचारून गेला. बाबांनी दोन्ही वेळा मान हलवली. मीच बसते म्हटलं, तर म्हणाले, "ती जागा मोकळी ठेव." कोणासाठी, ते म्हणाले नाहीत. काल त्यांनी जेवण परत पाठवलं. मी आयुष्यात कुणापुढे पदर पसरला नाही, तुझ्यापुढेही नाही. आज पसरते आहे. ये.

आणि हे सगळं आधी लिहून का कळवते आहे, तेही सांगते. मी ओळखते त्यांना. शांत खोलीत ते तुला काहीही सांगू शकणार नाहीत, तुझ्याकडे बघून नळी नीट करत बसतील. त्यांना इंजिन चालू हवंय, कारण त्या आवाजात बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. तू रेस धरून बसशील, गॅरेजचं दार सताड उघडं असेल, मी त्यांची खुर्ची बाहेर तुझ्या खिडकीशी आणीन, आणि त्या वीस मिनिटांत केव्हातरी त्यांचे ओठ हलतील. तुला एक अक्षर ऐकू येणार नाही. ते काय म्हणाले हे तुला तेव्हा माहीत असावं, म्हणून हे पत्र. तू फक्त मान हलव. आणि काही झालं तरी पाय उचलू नकोस.

वाटेकडे डोळे लावून,
तुझीच
आई