टाके मोजणारं मशीन

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खरोखर साष्टांग, पेनाचं टोपण शोधायला टेबलाखाली शिरलो होतो, तिथेच उरकला.) गुडघा कसा आहे? ऑपरेशनच्या धास्तीने जेवण सोडलं नाहीस ना?

इकडे सोमवारी माझी नोकरी जाता जाता राहिली. तू नेहमी विचारतेस, हॉस्पिटलात बसून तू करतोस तरी काय? तर मशीनमधल्या पेशंटांच्या नोंदी धड राहतात की नाही, ते बघतो. तू विणताना ओळीचे टाके मोजून चिठ्ठीवर लिहितेस आणि विणकाम परत हातात घेताना पुन्हा मोजतेस (आम्ही हसायचो, माफ कर), तसंच आमचं मशीन नोंदींच्या प्रत्येक पानावरून एक आकडा काढून कोपऱ्यात टिपतं. त्याला चेकसम म्हणतात. पान उघडताना आकडा पुन्हा काढायचा. जुळला नाही तर पान द्यायचंच नाही. सोमवारी ऐन गर्दीत ते एका पानावर अडून बसलं. काउंटरवर रांग, डॉक्टर लालबुंद, आणि मोठे साहेब (माउस उलटा धरतात, पण सांगणार कोण?) माझ्या डोक्यावर उभे. "ती तपासणी बंद कर आणि पान उघड!" बंद करता येते गं, एका बटणात. पण मी हाताची घडी घालून बसलो. डिस्क तपासली, तर ती खराब झालेली. आदल्या दिवशी काढून ठेवलेल्या नोंदींच्या प्रतीतलं तेच पान काढलं, त्याचा आकडा जुळला. मग बिघडलेलं पान शेजारी ठेवून पाहिलं, तर एका पेशंटचा निगेटिव्ह रक्तगट पॉझिटिव्ह झालेला! साहेब मटकन खाली बसले. नंतर स्वतः उठून माझ्यासाठी चहा घेऊन आले. (बिनसाखरेचा. प्यायलो.) मला तर इतकं हायसं वाटलं की जिन्यात जाऊन थोडा रडून आलो.

तेव्हा गुरुवारी ऑपरेशनला आमच्या हॉस्पिटलात बिनधास्त ये.

तुझा भाचा

ता. क. घाबरू नकोस, पण तो पेशंट तूच. आता सगळं दुरुस्त आहे.

आणखी एक. तू पाठवलेल्या स्वेटरचा टाका एकही चुकलेला नाही, पण बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. आमच्या मशीनचंही तसंच. लिहिलेलं बदललं तर त्याला कळतं. मुळात लिहिलेलं बरोबर होतं का, ते कळत नाही. आणि तुझी नोंद मी टाइप केली होती, तुझ्याशी फोनवर गप्पा मारता मारता. रक्त इथे पुन्हा तपासतातच. तरी तुझ्या सुयांच्या डब्यातलं रक्तगटाचं जुनं कार्ड तेवढं घेऊन ये.