फॉर्मची मागची बाजू

चिक्कडपल्ली, १२ मार्च, रविवार

बाबा,

इतकी वर्षं तुमच्याशी एक अक्षरही बोलले नाही, त्याची माफी मागते. रागाची मागत नाही. तो अजून आहे. आज आईने पोस्टातली तिच्या बचतीची, मुदत संपलेली सगळी रक्कम माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "कुठं ठेवायचे ते तूच ठरव बाई. तवाच तुझं ऐकलं असतं तर ह्यांचं असं झालं नसतं." म्हणून हे लिहायला बसले.

तो शनिवार तुम्हाला आठवत असेल. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती आणली, बावीस वर्षांच्या नोकरीचे पैसे एका चेकने आले, आणि तुमचे लेथवरचे जोडीदार आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेत. त्यांनी एका फायनान्स कंपनीची एजन्सी घेतली आहे. बँकेच्या दुप्पट व्याज. "फिकर नक्को करो भाई, घर बैठे लिफाफा आता," ते म्हणतात, आणि आई त्यांना दुसरी भाकरी वाढते. मी बी.कॉम. होऊन एका दुकानाच्या वह्या लिहीत होते. मी म्हटलं, बाबा, तीन वाटे करा. काही पोस्टात, काही बँकेत, आणि बुडाले तरी चालतील एवढेच इथे. तुम्ही त्यांच्यासमोर ओरडलात, "वीस वर्षं ज्याच्या डब्यातलं खाल्लं, त्याच्यावर संशय घेऊ? चार बुकं शिकलीस म्हणून बापाला अक्कल शिकवायलीस?" जोडीदार हसले. "छोड दो भाई, बच्ची है." मी सत्तावीस वर्षांची होते.

तुम्ही लोभी असता तर इतका राग आला नसता. तुम्हाला फक्त निवांतपणा हवा होता. एकदा सगळे तिथेच ठेवले की पुन्हा विचार करायला नको. काळजी नको म्हणून तुम्ही पैशाकडे बघणंच सोडलंत आणि त्याला विश्वास म्हणालात. दरमहा व्याजाचे असे पाच लिफाफे आले. पहिल्यातून आईला मिक्सर आणलात. सहावा आलाच नाही. सिकंदराबादच्या त्या ऑफिसला कुलूप, जिन्यात तुमच्यासारखीच माणसं बसलेली. जोडीदारांचेही बुडाले, त्यांनी तोंड दाखवणं सोडलं. आणि मायक्रोमीटरवर केसाएवढा फरक पकडणारे तुम्ही, अठ्ठावन्नाव्या वर्षी अपार्टमेंटच्या गेटवर निळा शर्ट घालून पोराटोरांच्या गाड्यांना सलाम करू लागलात. छातीत दुखतंय हे खर्चाच्या भीतीने आमच्यापासून लपवलंत, आणि तसेच गेलात. ते मला माफ करता येत नाही. पैसे गेले होते, आम्ही होतो ना?

सगळं तुमच्या माथी मारून झालं. उरलेलंही लिहिते.

जोडीदार गेल्यावर तुम्ही फॉर्म माझ्यापुढे सरकवलात. "तुझं इंग्रजी चांगलं आहे. भर." आवाज मऊ होता, बहुधा तीच तुमची माफी होती, पण मला ती पुरेशी वाटली नाही. मी फॉर्म उलटून वाचला. मागे बारीक अक्षरात छापलं होतं की या ठेवीला कसलंही तारण नाही, परतफेडीची कोणाचीही हमी नाही. तुम्हाला ते वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मी पुढची बाजू वळणदार अक्षरात भरली, सहीची जागा बोटाने दाखवली आणि गप्प राहिले. बघू दे यांना एकदा, असं मनात आलं होतं. सांगितलं असतं तरी तुम्ही ऐकलं नसतं, असं मी स्वतःला कितीदा बजावलं आहे, आणि ते कदाचित खरंही असेल. पण मी सांगितलं नाही. आई मात्र आजही सगळ्यांना सांगते की पोरीने बजावलं होतं, आणि मी तिला सांगू देते.

हे तुम्हाला लिहिणं सोपं आहे. तुम्ही उलट काही विचारणार नाही.

उद्या: आईचे पैसे कुठेही ठेवण्याआधी तिला त्या बारीक अक्षरांचं सांगणे.