पांढऱ्या ठिपक्याची राणी

पोडब्रेग,
९ ऑगस्ट १९६४

ती. बाबांना पोलोनाचा सा. न. वि. वि.

त्सिल्कावन्संचं पत्र आलं. पायाला वजनं बांधून तुम्हाला अजून निदान सहा आठवडे पडून राहायचंय असं त्यांनी लिहिलंय. शिवाय तुम्ही नर्सबाईंना रोज सुनावता की सूपात मीठ नाही, तेही कळलं. त्यांच्याशी भांडू नका. घरी आल्यावर भांडायला मी आहेच. पासष्टाव्या वर्षी उडालेला मधमाश्यांचा थवा पकडायला शिडी लावून नाशपातीवर चढायचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं, हे मला अजून विचारायचंय.

इकडे गवत कापून झालं. कुट्टूचं शेत फुलायला लागलंय. पण माश्यांची बातमी चांगली नाही, आणि ती लपवून तुम्हाला बरं वाटणार नाही. निळ्या पेटीत राणी नाही. दोनदा पाहिलं. अंडी नाहीत, अळ्या नाहीत, माश्या नुसत्या भणभणत फिरतात. शेजारच्या, दर्शनी फळीवर अस्वल रंगवलेल्या पेटीत राणी आहे, पण ती तुरळक अंडी घालते आणि घालते त्यातले निम्मे नरच निपजतात. दोन्ही पेट्यांत मिळून एक धड वसाहत होणार नाही. अशा कमजोर स्थितीत दोन्ही हिवाळ्यात जातील.

शेजारच्या मातेव्झकाकांना विचारलं. तुम्ही माश्यांच्या घराची किल्ली त्यांच्याकडे दिली आहे म्हणून विचारणं भाग होतं. ते हसले आणि म्हणाले की माश्यांना बाईचा हात मानवत नाही, सगळ्या पेट्या माझ्या अंगणात नेऊन ठेवतो. मी नको म्हटलं. डोंगरापलीकडच्या राणीपैदास करणाऱ्या बाईंना नव्या राणीसाठी पत्र टाकलंय. राणी आली की निळ्या पेटीत सोडते. पुढे काय करायचं ते लवकर कळवा.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, तो इस्पितळातही पातळ होऊ देऊ नका.

आपली,
पोलोना

*

इस्पितळ, वॉर्ड क्र. ४
१४ ऑगस्ट

चि. पोलोना हिस गाश्परचे अ. उ. आ.

आशीर्वाद रीतीप्रमाणे दिले. आता ऐक. परक्या डोंगरावरची राणी माझ्या पेटीत? चाळीस वर्षांत मी एकही राणी बाहेरून आणली नाही. माझ्या बापानेही नाही. पत्र टाकलंस ते टाकलंस, राणी आली तर मातेव्झच्या हातात दे. तो तीस वर्षं माश्या पाळतो. तू तीन वर्षं पाळतेस, तीसुद्धा माझा जेर्नेय गेल्यावर, नाइलाजाने.

आणि अस्वलाच्या पेटीला हात लावायचा नाही. त्या राणीच्या पाठीवर पांढरा ठिपका कुणी लावला हे तुला मी सांगावं लागतं? जंगलात झाड अंगावर पडलं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात जेर्नेयने त्या राण्या वाढवल्या. बाकीच्या गेल्या. ही एक उरली. ती तुरळक घालो नाहीतर घालूच नको, ती तिथे राहील.

इथलं सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दिवसभर घोरतो.

कुट्टूचा मध काढू नकोस, त्यांना राहू दे. लोभ आहे, पण तो सांगितलेलं ऐकणाऱ्यावर.

गाश्पर

*

पोडब्रेग,
२५ ऑगस्ट

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आधी भांडी घासली, मग गोठा झाडला, मग लिहायला बसले. नाहीतर भलतंच लिहून गेले असते.

राणी दहा दिवसांपूर्वी टपालाने आली. काडेपेटीएवढ्या लाकडी पिंजऱ्यात, बरोबर सात-आठ सेवेकरी माश्या. टपालवाली इवांका ते पाकीट हात लांब करून, तोंड फिरवून घेऊन आली आणि म्हणाली की पुढच्या वेळी साप मागवणार असशील तर आधी सांग. ती मी मातेव्झकाकांच्या हातात दिली नाही. कारण सांगते.

त्याच दुपारी मी माश्यांच्या घराकडे गेले तर लढाई चाललेली. निळ्या पेटीच्या दारात माश्या एकमेकींना धरून लोळत होत्या. मागच्या भिंतीला मातेव्झकाकांनी स्वतःच्या मध काढून झालेल्या, अजून चिकट असलेल्या चौकटी रांगेने टेकवून ठेवल्या होत्या. चाटून साफ होतात म्हणे. आपल्या माश्यांच्या दारापासून चार पावलांवर! तुम्हीच मला शिकवलंत ना, की फुलं कमी असताना उघड्यावर मध ठेवला की अख्ख्या गावच्या माश्या लुटायला शिकतात? मी विचारलं तर म्हणाले की जुलैतही ठेवल्या होत्या, तेव्हा काय आभाळ कोसळलं? बाबा, आभाळच कोसळलं होतं. जुलैतच निळी पेटी लुटली गेली आणि त्या धुमाळीत तिची राणी गेली. तुमचा तीस वर्षांचा जाणकार!

मी चौकटी उचलून त्यांच्या अंगणात नेऊन ठेवल्या आणि किल्ली मागितली. त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की तू काय, उद्या दुसरं लग्न करून जाशील, माश्या कुणाच्या म्हणून भांडतेस? मी हात पुढे करून उभी राहिले. शेवटी दिली.

मग निळ्या पेटीचं दार एका माशीपुरतं अरुंद केलं. दोन कच्चे राणीकोष सापडले, ते नव्या राणीला वैरीण नको म्हणून मोडले. पिंजरा मधल्या दोन चौकटींत टांगला, तोंडाला साखरेच्या पिठाचं बूच. आठ दिवस पेटी उघडली नाही. रोज नुसता कान लावून यायची. काल उघडली. राणी मोकळी फिरत होती, आणि पोळ्याच्या घराघरात एकेक अंडं, तांदळाच्या कणीसारखं उभं. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. हे मातेव्झकाकांनी पाहिलं नाही, तेवढं बरं.

अस्वलाच्या पेटीत आता जेमतेम तीन चौकटी माश्या आहेत. त्या नव्या राणीच्या माश्यांत मिसळायला हव्यात, आणि एका पेटीत दोन राण्या राहत नाहीत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर उशीर होईल. तुम्ही शांतपणे विचार करून कळवा. वाट पाहते.

आपली,
पोलोना

*

इस्पितळ
११ सप्टेंबर

पोलोना,

आज मातेव्झ भेटायला आला होता. त्याने सांगितलं. तू तिला मारलंस. सहा तारखेला. स्वतःच्या हाताने.

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर नाही म्हणजे परवानगी, असं कोणत्या गावात धरतात? मी स्पष्ट लिहिलं होतं, हात लावायचा नाही. माझा मुलगा जाऊन तीन वर्षं झाली. त्याचे बूट तू देऊन टाकलेस, मी बोललो नाही. त्याची खाट माळ्यावर गेली, मी बोललो नाही. त्याच्या हातची एवढी एक जिवंत गोष्ट राहिली होती. ती चिमटीत धरताना तुला काही म्हणजे काहीच वाटलं नाही?

मातेव्झ म्हणतो की त्याने तुला समजावलं होतं. त्याचा चौकटींचा गाढवपणा मला कळतो, त्याला मी इथून झोपल्या झोपल्या सुनावलंय. पण त्याने निदान कुणाला मारलं नाही.



गाश्पर

*

पोडब्रेग,
१५ सप्टेंबर

ती. बाबांना,

नमस्कार केल्याशिवाय पत्र सुरू करायचं नाही असं आईने शिकवलं, म्हणून नमस्कार.

मातेव्झकाकांनी कुणाला मारलं नाही? निळ्या पेटीची राणी, तिच्या हजारो माश्या, त्या काय हवा खायला गेल्या? ते पुरुष आहेत, ते करतात ती चूक. मी बाई आहे, मी करते ते पाप. आणि हे तुम्ही लिहावं, ज्यांनी मला माश्यांना धूर द्यायची धुराडी पेटवायला शिकवली!

मला काही वाटलं नाही, असं विचारलंत. तर ऐका. पत्रपेटी रोज पाहिली. बारा दिवस. पाच तारखेला ओढ्याकाठी पहाटे दव गोठलं होतं. सहाला सकाळी मी अस्वलाची पेटी उघडली. चौकटीवर ती सापडली. चालताना मागचा एक पाय ओढत होती. तिच्या स्वतःच्या माश्या तिच्याकडे पाठ करून होत्या, भोवती कडंसुद्धा करत नव्हत्या. मी तिला चार माश्यांबरोबर काडेपेटीत घातलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. दुपारपर्यंत तिथेच बसून होते. चूल पेटवली नाही. तो ठिपका जेर्नेयने लावला तेव्हा राणी मीच धरली होती, बाबा. हे तुम्हाला ठाऊक नसेल. माझा हात हलला म्हणून ठिपका वाकडा बसला आणि तो मला म्हणाला की एवढ्या एका माशीला घाबरलीस तर माझ्याशी संसार कसा करणार. लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मातेव्झकाका कुंपणावरून म्हणत होते की द्या इकडे, मी उरकतो. उरकतो म्हणे! मी केलं. बोटांना काही लागतसुद्धा नाही, इतकी लहान असते.

बूट मी दिले, कारण समोरच्या तोमाझचे पाय बर्फात ओले होत होते आणि जेर्नेयने ते स्वतःहून दिले असते. खाट वर गेली, कारण मला त्या खाटेकडे पाहून झोप येत नव्हती. तुम्ही बोलला नाहीत म्हणता. बोलायचं होतंत! मी तीन वर्षं वाट पाहिली तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून. या घरात आपण दोघंच उरलोय, आणि तुम्ही त्याच्याबद्दल बोलता ते माश्यांशी.

संध्याकाळी निळ्या पेटीच्या खालच्या मजल्यावर नवी राणी आणि तिच्या माश्या ठेवल्या. वरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरला, सुईने पाच-सहा भोकं पाडली, आणि वरच्या मजल्यात अस्वलाच्या तीन चौकटी माश्यांसकट लावून दार बंद केलं. एकदम मिसळल्या तर एकमेकींना फाडतात. कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या फळीवर कागदाचा भुगा पडला होता. त्यात मेलेल्या माश्या मोजून नऊ. आज वर-खाली सात चौकटी माश्यांनी भरल्यात, आणि त्या कुट्टूवर अशा तुटून पडल्यात की शेतात पाऊल टाकवत नाही. त्यात जेर्नेयच्या राणीच्या लेकी निम्म्या आहेत. त्यांना मी जगवलंय. तिच्याबरोबर थंडीत मरू दिलं असतं तर तुम्हाला चाललं असतं का?

रागावायचं तर रागवा. पण स्वतःच्या तोंडाने रागवा, मातेव्झच्या तोंडून नको.

पोलोना

*

इस्पितळ
२ ऑक्टोबर

चि. पोलोनास,

अनेक आशीर्वाद, आणि या वेळी ते रीतीचे नाहीत.

पत्राला पंधरा दिवस लागले. हात धड आहे, पण रोज कागद काढून परत उशीखाली सारत होतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने परवा विचारलं की घरून वाईट बातमी आहे का. मी म्हटलं, नाही, घरून माझी खरडपट्टी आलीय. तो म्हणाला की नशीबवान आहात, मला कुणी पत्रच लिहीत नाही.

तुला एक सांगतो ते कुणालाच सांगितलेलं नाही. मे महिन्यात, तू बाजारला गेली होतीस तेव्हा, मी अस्वलाची पेटी उघडली होती. तिची अंडी तेव्हाच तुरळक झाली होती. चाळीस वर्षांत असल्या शंभर राण्या मी एका क्षणात काढून टाकल्या. तिला चिमटीत धरलं. वाकडा ठिपका दिसला. आणि परत चौकटीवर सोडून दिली. पेटी बंद केली आणि स्वतःला सांगितलं की बघू नंतर. मेमध्ये केलं असतं तर ती वसाहत पुन्हा उभी राहिली असती. माझ्याच्याने झालं नाही. मग तुझ्याच्याने झालं म्हणून मी तुझ्यावर भुंकलो.

तो ठिपका तुझा हात हलल्यामुळे वाकडा होता हे मला ठाऊक नव्हतं. मी तीन वर्षं समजत होतो की त्याचा हात हलला.

मातेव्झ काल परत आला होता. म्हणाला की आता तरी पेट्या माझ्याकडे हलवू, सुनेचं काही खरं नाही. त्याला सांगितलं की पेट्या जिच्या आहेत तिला विचार, आणि विचारताना टोपी काढून विचार. उठून गेला. त्याची सफरचंदं ठेवून गेलाय, ती म्हाताऱ्याला दिली.

डॉक्टर पुढच्या शनिवारी सोडणार आहेत. त्सिल्का म्हणते की हिवाळा ल्युब्लियानात काढा, तिथे घराला जिने नाहीत, नळाला गरम पाणी आहे. मी नाही म्हटलं. दुपारच्या बसने येतो. कुबड्या आहेत, थांब्यापासून वर चढायला वेळ लागेल. तू खाली ये. वाटेत बसत बसत जाऊ, आणि ठिपका लावला त्या दिवशी जेर्नेय तुला संसाराबद्दल काय काय म्हणाला ते सगळं मला पहिल्यापासून सांग.

लोभ ठेव. मागायची सवय नाही, म्हणून एकदाच लिहितो.

तुझा,
बाबा