रिकाम्या गल्लीतला हॉर्न

मोशी,
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय कुलदीप,

पाकीट जपून उघड. आत आपट्याचं पान आहे. वाळून चुरा झाला असेल तर झटकून टाक, पण मंजुषानं सोनं दिलं नाही असं म्हणू नकोस. फोन तू उचलत नाहीस, ते एका परीनं बरंच आहे. फोनवर मी पुन्हा सारवासारव केली असती. कागदावर खोडलेलं तरी दिसतं.

इकडे सगळं ठीक. येईल त्या पाहुण्याला आई चहाच्या आधी "आमची मंजू विमान चालवते" हे वाढते. मी गच्चीत बसून लिहिते आहे. समोर पूर्वी आमचं वांग्याचं रान होतं, आता चौदा मजले आहेत, त्यामुळे आभाळ दिसतं ते दोन बोटं. सध्या मला तेवढंच पुरे आहे.

तू सुट्टीतही फ्लाइंग स्कूलच्या वसतिगृहातच राहिलास असं कळलं. मेसचं जेवण सणालाही तसंच का रे?

काल दसऱ्याला सुमनआत्या आली होती. तिनं विचारलं, "वर पोलीस कोन असतो गं?" मी म्हटलं, मोठ्या विमानतळावर टॉवर असतो, कोणी कधी उतरायचं ते तो सांगतो. आमच्या धावपट्टीला टॉवर नाही. आपण कोण, कुठे आहोत, आता काय करणार, एवढं प्रत्येकानं रेडिओवर सांगायचं. बाकीच्यांनी ऐकायचं आणि डोळे उघडे ठेवायचे.

"आन् एखादा न्हाईच बोलला तर?"

मी लाडू आणते म्हणून आत गेले, ती आत्या जाईपर्यंत बाहेर आले नाही.

तर आता त्या गुरुवारचं. आपण दोघंही एकेकटे उडत होतो. तू सरावाहून परत येत होतास. पाच मैलांवरून बोललास, मग तीन मैलांवरून, "सरळ उतरायला येतोय, जवळ कोणी आहे का?" मी पट्टीला वळसा घालून उतरायला येत होते. पट्टीकडे वळले, आणि उजव्या हाताला तुझा पांढरा पंख! तुझ्या कानावरचा हेडसेट मला दिसला, इतक्या जवळ. मी पूर्ण पॉवर देऊन वर गेले, तू खालून गेलास. 

दिग्विजय सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मी रेडिओवर कॉल दिला होता, सर. दोघांनी एकदम बटण दाबलं असेल, म्हणून ऐकू गेलं नसेल." असं कधी कधी खरंच होतं, म्हणून तर ते पटलं. सरांनी तुझं एकट्यानं उडणं बंद केलं. वर कान तपासून घ्यायला तालुक्याला पाठवलं. आणि तू काय केलंस? माझ्याकडे बघून म्हणालास, "सॉरी मंजुषा, मला ऐकूच आलं नाही."

कुलदीप, तुझे कान चांगले आहेत. मी बोललेच नव्हते. तुझे दोन्ही कॉल मी ऐकले, बोट बटणावर ठेवलं आणि उचललं. वाटलं, हा अजून लांब आहे, तोवर मी उतरून मोकळी होईन.

का, ते तुला ठाऊक असेल किंवा नसेलही. मी प्रत्येक गोष्ट रेडिओवर सावकाश आणि दोनदा सांगायचे. तू मेसमध्ये ताट वाजवून माझी नक्कल केलीस, "चला मोशी, मोशी, मोशी, आत सरका!" सगळे हसले. मीसुद्धा हसले. मग खोलीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवसापासून सगळे मला कंडक्टर म्हणायला लागले आणि मी कॉल गिळायला लागले. त्याचा राग मला आला होता, अजून आहे. पण चिडवलंस तू, गप्प बसले मी. तुझी चेष्टा ताटापुरती होती, माझ्या गप्प बसण्यानं दोन घरं बुडाली असती. आणि नंतरची थाप तर तू कुठे शिकवलीस? ती माझी एकटीची.

अण्णा, म्हणजे माझे वडील मारुतराव, चाकणला एका कंपनीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. परवा खंडेनवमीच्या पूजेला घरच्यांना आत सोडलं होतं. गोदाम बंद, आत चिटपाखरू नाही. अण्णा फोर्कलिफ्ट पूजेला आणत होते, आणि रॅकच्या प्रत्येक वळणावर हॉर्न. मला हसू आलं.

"अण्णा, आज कोण आहे इथं?"

"कोन हाय त्ये दिसंस्तवर उशीर झाल्याला असतो, मंजे."

तिथली पोरं त्यांना बँडवाले म्हणतात. मी विचारलं, "तुम्हाला हसतात त्याचं काही वाटत नाही?"

"हसत्यात की. हसाया जित्ती हायेत." एवढं बोलून ते झेंडूचा हार सरळ करायला लागले. मी तिथेच रडायला लागले, आणि त्यांना सगळं सांगितलं. अण्णा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "त्या पोराला सांगितलंस का?"

आज सकाळी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग "लेखी दे" म्हणाले. दिलं. तुझं उड्डाण सोमवारपासून सुरू, माझं आजपासून बंद. किती दिवस, ते ठरायचं आहे. कदाचित कायमचं घरीही पाठवतील. पण गेले आठ दिवस जेवण जात नव्हतं, ते आज गेलं. आईला अजून माहीत नाही. पत्र टाकून आले की सांगणार आहे.

आणि हो, सरळ आत घुसायची तुझी खोड सोड. चाकणच्या चौकातले रिक्षावालेही तुझ्यापुढे सभ्य वाटतात.

माफ कर असं तीनदा लिहून खोडलं. समोर येऊन म्हणेन. मंगळवारी सातच्या बसनं निगडीहून निघते, दुपारी स्कूलच्या फाटकापाशी उतरेन. तू यायला हवंस असं नाही. उत्तरही नको. मी माझ्याकडून सांगून ठेवते, पहिल्यासारखंच सावकाश. हवं तर दोनदा वाच.

मंजुषा.
मोशीत, घराच्या गच्चीवर.
मंगळवारी तुझ्या दिशेनं येते आहे.