टर्की होईपर्यंत

आई, टर्की आत गेली आहे. आता दोन तास तरी झाकण उघडायचं नाही. सिलिंडर नवा आहे, ज्योत नीट लागली आहे आणि मी व्हिलाच्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तुला लिहिते आहे. फ्रायर तोच, ज्याला पहिल्यांदा बघून तू विचारलं होतंस, "हे काय, पाण्याचा बंब आणलास?" बाहेरून गंज चढलाय, एक पाय वाकलाय, पण आतून अजून तसाच तापतो. खाली गॅस, गरम होणाऱ्या भिंती, मधे जाळीच्या टोपलीत आख्खा पक्षी आणि तेलाचा एक थेंबही नाही. दहा वर्षं होत आली. आणला होता तुझ्यासाठी, आणि तुझ्या वाट्याला त्यातला एकच नाताळ आला.

तुझी अँजिओप्लास्टी होऊन तीन महिने झाले होते. मी तुला वसईहून इथे दोह्याला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. हृदयाच्या वॉर्डात इतकी वर्षं नोकरी केलेल्या नर्सची आई पथ्य मोडते, हे मला चालणार नव्हतं. तू येण्याच्या आदल्या दिवशी मी घरातला तेलाचा पाच लिटरचा कॅन उचलला आणि शेजारच्या भाभीला देऊन टाकला. आपल्या व्हिलाचे चार भाग पाडलेले, मधे हे सामाईक अंगण, आणि अंगणापलीकडे ती रत्नागिरीची भाभी. तू आल्यावर ओट्याखालचं कपाट उघडलंस, बंद केलंस आणि म्हणालीस, "बरं. वॉर्डात भरती झाले म्हणायचं."

पण तू रुसली नाहीस. नाताळच्या दोन आठवडे आधी मी सरावासाठी एक कोंबडी त्या फ्रायरमध्ये घातली. दह्यात कालवलेला बाटली मसाला वरून चांगला चोपडला. बाहेर आला तो कोळसा. तू हसून हसून खाटेवर बसलीस. "अगं, हा मसाला आम्ही उन्हात वाळवून, भाजून, कुटून बाटलीत भरलेला. त्याला परत आगीसमोर नागडा उभा केलास? कातडीखाली लपव त्याला." मग माझा हात धरलास. "नखं दाखव." चाळिशीतल्या बाईची नखं तपासलीस, कापायला लावलीस आणि मग कोंबडीच्या कातडीखाली बोटं कशी सरकवायची ते शिकवलंस. कातडी फाटू द्यायची नाही, घाई करायची नाही, बोटांनी आधी वाट करायची आणि मग मसाला. आज सकाळी मी तसंच केलं. चार दिवस फ्रीजमध्ये ठेवून टर्की बर्फातून सोडवली, आतून-बाहेरून पुसून कोरडी केली, नखं कापली.

एकच तक्रार तू रोज करायचीस. "आवाज नाही, वास नाही. मुकं यंत्र आहे हे. आज सण आहे हे शेजाऱ्यांना कळायचं कसं?" मी म्हणायची, "शेजाऱ्यांना मेसेज करू." गावी नाताळच्या सकाळी प्रत्येक घरातून फुगे तळल्याचा वास यायचा. नारळाच्या दुधात भिजवलेलं, रात्रभर आंबलेलं मैद्याचं पीठ, मुठीतून अंगठ्याने ढकललेला गोळा, कढईत पडताच फुगून आपोआप पालथा होणारा. तुझ्या फुग्यांसाठी लोक आपल्या ओट्यावर रेंगाळत असत. इथे तू एकदाच विचारलंस, "चार-पाचच करू?" मी नाही म्हणाले. वॉर्डात म्हणते त्या आवाजात.

इथे नाताळला सुट्टी नसते. माझी मॉर्निंग ड्युटी होती. टर्की कधी लावायची, थर्मामीटर कुठे खुपसायचा, हे सगळं लिहून मी फ्रीजवर कागद चिकटवून गेले. साडेतीनला परत आले तर फ्रायर अंगणात तापत होता आणि त्याच्याजवळ तू नव्हतीस. वास मात्र होता. तळणीचा, आपल्या गावच्या ओट्यावरचा. मी भाभीच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. तू गॅससमोर, हातात वसईहून बॅगेतून आणलेला झारा, बाजूला टॉवेलमध्ये गुंडाळलेला स्टीलचा डबा. मी दिलेल्या कॅनमधलंच तेल.

"किती खाल्लेस?" मी विचारलं.

"एकही नाही."

"पेशंट सगळे असंच सांगतात, आई."

भाभी म्हणाली, "अगो, ऐक तरी..." मी ऐकलं नाही. तिलाही बोलले, तुम्हाला माहीत होतं ना, हिच्या छातीत दोन स्टेंट आहेत? तिची मुलं दारामागून बघत होती. डबा उचलला, घरी आणला आणि तुझ्यासमोर कचऱ्याच्या काळ्या पिशवीत उलटा केला. कोपऱ्यावरच्या अरब दुकानदाराकडून तू ‘झालं, संपलं’ अशा अर्थाचा एक शब्द उचलला होतास, सारखा वापरायचीस. तोच म्हणालीस. "खलास? चल, आता टर्की बघू."

संध्याकाळी माझ्या वॉर्डातल्या मैत्रिणी आल्या. टर्की सुरेख झाली होती. कातडी पापडासारखी, आतला मसाला मांसात उतरलेला. मी प्रत्येकीला सांगत होते, "एक थेंब तेल नाही हं!" आणि तुझ्याकडे बोट दाखवत होते. तू हसत होतीस. तुझ्या ताटातला तुकडा शेवटपर्यंत तसाच होता, तो मी पाहिला आणि मनात म्हटलं, भाभीकडे पोट भरून आली असणार.

जानेवारीत तू परत गेलीस. फोनवर आपण सगळं बोललो, हे सोडून. ईस्टरच्या तोंडावर, पाम संडेच्या आधीच्या आठवड्यात तू देवाघरी गेलीस. पथ्य पाळूनही गेलीस. आणि एका फुग्याने काही होत नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

गेल्या महिन्यात भाभीच्या नवऱ्याची नोकरी संपली. ती कायमची रत्नागिरीला गेली. सामान बांधता बांधता एके दुपारी माझ्या दारात आली आणि हातात तुझा झारा दिला. "मावशींचा. इतकी वर्षं माझ्या खुंटीलाच होता." मग जरा थांबून म्हणाली, "त्यांनी खरंच एकही फुगा खाल्ला नव्हता गो. मी म्हटलं, एक तरी तोंडात टाका, कुणाला कळतंय? तर म्हणाल्या, नाही, मुलगी नाही म्हणाली म्हणजे नाही, तिला कळतं त्यातलं. ती ड्युटीवरून येईल, तिला गरम लागतात, म्हणून टॉवेल मागून घेतलान." मी विचारलं, हे इतकी वर्षं का नाही सांगितलंत? ती म्हणाली, "तेव्हा तुझा चेहरा बघून धीर झाला नाही. मग मावशी गेल्या. मग कशाला?"

आत्ता तुझा नातू बाहेर येऊन गेला. झाकणाला कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मम्मा, इज इट इव्हन ऑन? इट्स सो क्वाएट." मी म्हटलं, चालू आहे, हात लावू नकोस. तो गेला. मराठी समजते त्याला, पण उत्तर इंग्रजीतच. तू असतीस तर त्याला म्हणाली असतीस, बघ, तुलासुद्धा कळलं, मुकं यंत्र आहे हे.

झारा माझ्या मांडीवर आहे. घरात तो कुठे टांगावा ते ठरत नाही, कारण त्याने तळावं असं माझ्या घरात काही होत नाही. हा कागदही कुठे ठेवणार ते माहीत नाही. टर्कीला अजून अर्धा तास आहे, तेवढ्यात एक गोष्ट लिहून टाकते.

त्या दिवशी तू टर्की बघायला अंगणात गेलीस, तेव्हा मी पिशवीला गाठ मारत होते. गाठ मारायच्या आधी मी हात आत घातला आणि वरचा एक फुगा काढला. कांद्याचं साल चिकटलं होतं, ते पुसलं. ओट्याकडे तोंड करून, उभ्यानेच, सगळा खाल्ला. अजून गरम होता, आई.