अम्मीचे दोन टेक

११ जानेवारी २०२६, पेण

शी! आकिबचा फोन आल्यापासून डोकं उठलंय. माझ्या धाकट्या भावाला सिनेमाच्या ध्वनिमुद्रणासाठी नामांकन मिळालं. मी आनंदाने ओरडणार तोच म्हणतो, "आपा, यंदा सोहळ्याचा फॉरमॅट बदललाय." म्हणजे काय, तर आवाज, संकलन, रंगभूषा — हे पुरस्कार मंचावर द्यायचेच नाहीत. लोक कंटाळून चॅनल बदलतात म्हणे! त्याऐवजी 'घरचा कॅमेरा'. माणसाच्या घरी जायचं, आईला रडवायचं आणि तेवढंच दाखवायचं. हिरो-हिरॉइनचे नाच मात्र शाबूत.

मला विचारा फॉरमॅट. नाव घ्या, कामाचा तुकडा ऐकवा, पुरस्काराची बाहुली हातात द्या, घरी जा. नाचायचं असेल तर स्वतःच्या लग्नात नाचा.

१२ जानेवारी

अम्मी नाहीच म्हणणार, या खात्रीने रोह्याला फोन केला. तिला फोटोचा तिटकारा. आधार कार्डावरचा सोडला तर तिचा धड फोटो नाही. माझ्या निकाहच्या अल्बममध्येही जिथे तिथे तोंडापुढे ओढणी. कुणी मोबाइल वर केला की ओरडते, "ठेव गो तो!"

आज म्हणाली, "आकिबच्या कामाचा हाय ना? मग येव देत."



१७ जानेवारी, रोहा

अंगावर पाल पडल्यासारखं वाटतंय. चॅनलची मनाली आली, सोबत कॅमेरावाले. आल्या आल्या फ्रिजवर चादर टाकली — "गावचं घर वाटायला हवं ना!" टाइल्स दिसू नयेत म्हणून चटई. अम्मी आपल्याच घरात पाहुण्यासारखी कोपऱ्यात उभी.

निकाल अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून दोन्ही टेक आजच घ्यायचे! आधी जिंकल्याचा. मनालीने वाक्य दिलं, "माझ्या लेकराने नाव काढलं." अम्मीने ते शाळेतल्या कवितेसारखं म्हटलं. मग हरल्याचा. मनालीने डोळ्यांत घालायला ग्लिसरीन काढलं.

"ह्या कशाला गो?"

"रडू यायला, आजी."

"पोरगा हारला म्हनून मी रडू? तो काय मेला हाय?" आणि सरळ कॅमेऱ्यात बघून — ओढणी खाली! — "आकिब, जेवलास काय रे? हारलास त हारलास. घरी ये. खाडीच्या निवट्यांचा कालवण करते. तुजे अब्बा पन सगलीकडं हारायचे, पन जेवायला टायमावर!" आणि खळखळून हसली. किती वेळ हसत होती.

मनाली म्हणाली, "हे नाही चालणार."

मी तिला तोंडावर सांगितलं, दोन्ही टेक पुसून टाका. रात्री चॅनलला मेलही ठोकली. माझी आई म्हणजे तमाशा नाही.

१९ जानेवारी

चॅनलचं उत्तर — "आपल्या भावनांचा आदर आहे." पुसणार की नाही, त्यावर चकार शब्द नाही. हलकट.

२५ जानेवारी

आकिब जिंकला! भरदुपारी, रिकाम्या हॉलमध्ये, उभ्या उभ्या बाहुली हातात कोंबली. टाळ्या नंतर घालणार म्हणे; टीव्हीवर मार्चमध्ये दाखवणार. आवाजाच्या पुरस्काराला खोट्या टाळ्या — थू!

अम्मीला सांगितलं तर म्हणते, "मग माजा तो रडायचा नाय ना दाखवनार?" आणि पुन्हा हसत सुटली.

८ फेब्रुवारी, रोहा

अम्मीला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणलंय. वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, आता बोलेल अशी आशा धरू नका. आकिब तिच्या उशाशी बसून आहे. जगभराचे आवाज त्याच्या मशिनमध्ये आहेत, हिचा एकही नाही.

मघाशी मनालीला मीच फोन केला. हात जोडले. टेक पुसले नसतील तर पाठव गं. दोन्ही पाठव. हरल्याचा आधी.